अर्धं नाशपातीचं झाड, व्हाया बुडापेस्ट

"एकदा आपण चौघांनी मिळून कुठेतरी जायला हवं," असं लेनर्ड प्रॉसर नाताळच्या आदल्या आठवड्यात म्हणाला, तेव्हा त्याच्या एका हातात शेजाऱ्याचा कोट होता आणि दुसरा हात दाराच्या कडीवर होता. त्याच्या गावात, आणि गावातच कशाला, अख्ख्या इंग्लंडात या वाक्याचा अर्थ 'आता निघा' एवढाच होतो. पाहुण्यानं त्यावर "खरंच, जायलाच हवं" असं म्हणायचं, कोटात हात घालायचे आणि चालू लागायचं. पुढच्या नाताळपर्यंत दोन्ही बाजू निर्धास्त.

ट्रेव्हर ऑर्मनं कोटात हात घातले नाहीत. त्यानं खिशातून फोन काढला.

"ऑक्टोबर कसा वाटतो?"

लेनर्डला आधी वाटलं, गंमत करतोय. ट्रेव्हर काही परदेशातून आलेला नव्हता. त्याचा बाप इथला, आजा इथला. या वाक्याचा अर्थ त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला होता. म्हणजे हे अज्ञान नव्हतं. हा सरळसरळ हल्ला होता, तोही हसतमुखानं, हातात नाताळच्या केकचा तुकडा घेऊन केलेला.

"ऑक्टोबर उत्तम," लेनर्ड म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"बुडापेस्ट. शुक्रवारी जायचं, रविवारी परत. राहण्याची जागा माझ्याकडून. ना-बिना म्हणायचं नाही हं, लेनी."

ना म्हणायचं नाही हे लेनर्डला वेगळं सांगायची गरज नव्हती. तो उभ्या आयुष्यात कुणा मोठ्या माणसाला ना म्हणाला नव्हता. शाळेत भूगोल शिकवायचा तेव्हा पोरांना दिवसभर म्हणायचा, पण घंटा झाली की ती ताकद खडूच्या डब्यात ठेवून घरी यायचा. आता निवृत्त झाल्यावर तर डबाही गेला.

दोघांची घरं म्हणजे एकच जोडघर. मधली भिंत सामाईक, त्यामुळे ट्रेव्हर शिंकला की प्रॉसरांच्या कपाटातल्या बशा किणकिणत. ट्रेव्हरचं न्हाणीघराच्या सामानाचं दुकान होतं. नळ, टब, आणि आपोआप गरम होणारी कमोडची झाकणं तो विकायचा. त्या झाकणांच्या जोरावर त्यानं मागच्या बाजूला नुकतीच एक काचेची खोली बांधली होती. तीन भिंती काचेच्या, छप्पर काचेचं. उन्हात बसायला म्हणून बांधलेली. फक्त ऊन तिथे पोचत नव्हतं, कारण मध्ये लेनर्डचं नाशपातीचं झाड होतं.

झाड कुंपणाला लागून, लेनर्डच्या हद्दीत. त्याच्या निम्म्या फांद्या ट्रेव्हरच्या बाजूला झुकलेल्या, निम्म्या प्रॉसरांच्या स्वयंपाकघरावर. फळं दरवर्षी भरपूर लागत आणि ती आजवर कुणी खाल्ली नव्हती. ती इतकी टणक असत की खारी एकदा चावून बघत आणि मग लेनर्डकडे रागानं बघत. पण त्या झाडाखाली एक बाक होता. रोज सकाळी लेनर्ड चहाचा मग घेऊन त्या बाकावर बसे. तिथून ट्रेव्हर दिसत नसे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ट्रेव्हरला लेनर्ड दिसत नसे. पृथ्वीच्या पाठीवर लेनर्डला कुणीही 'गुड मॉर्निंग' म्हणू शकणार नाही अशी तेवढी एकच जागा होती, आणि पृथ्वीच्या पाठीची त्याला बऱ्यापैकी माहिती होती.

त्यामुळे झाडाचा विषय निघणार, हे त्याला ठाऊक होतं. राहण्याची जागा फुकट मिळाली तेव्हाच ठाऊक झालं होतं. विमानात त्यानं बायकोला, गिलियनला, हळूच सांगितलंही.

"हा मला तिथे एकटा गाठणार. झाडाबद्दल बोलणार."

"मग तू नाही म्हण," गिलियन खिडकीतून ढगांकडे बघत म्हणाली.

"एवढं सोपं आहे का ते?"

"नाही," गिलियन म्हणाली. "बघ, मी म्हटलं."

लेनर्डनं ठरवलं, दोन दिवस ट्रेव्हरबरोबर एकट्यानं कुठेही जायचं नाही. चौघं असले की कुणी काही बोलत नाही, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. शुक्रवारची संध्याकाळ त्यानं या धोरणावर निभावून नेली. ट्रेव्हर बाल्कनीत गेला की तो आत येई, ट्रेव्हर आत आला की तो संडासात जाई. दोनदा ट्रेव्हरनं संडासाच्या दाराबाहेरून विचारलं, "सगळं ठीक ना, लेनी? पाण्याचा जोर कसा वाटतो?" धंद्याचा माणूस. 

शनिवारी सकाळी मात्र धोरण पाण्यात गेलं. शब्दशः. ते शहर गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध, आणि ट्रेव्हरनं चौघांची तिकिटं काढून ठेवलेली. बायका कपडे बदलायच्या खोलीत अडकल्या, कारण ट्रेव्हरच्या बायकोला, फिलिपाला, कुलूप लागेना. दोघं पुरुष बाहेर थंडीत पोहण्याच्या चड्डीवर उभे. इंग्रज माणसाला दुसऱ्या इंग्रज माणसासमोर चड्डीवर उभं राहायला लागलं तर तो शक्य तितक्या लवकर पाण्यात शिरतो. लेनर्ड शिरला. मागोमाग ट्रेव्हर.

वाफेच्या ढगात नुसती मुंडकी तरंगत होती. एका कोपऱ्यात चार म्हातारे छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कुणी पर्यटक जवळ आलाच तर त्याला बुडवायची पूर्ण तयारी दिसत होती. लेनर्ड त्यांच्याच जवळ जाऊन उभा राहिला.

ट्रेव्हर पोट वर करून तरंगत आला. "लेनी, एक सांगायचं राहिलं होतं."

"पाणी छान आहे," लेनर्ड घाईनं म्हणाला.

"अडतीस अंश. बाहेर पाटी आहे. हे बघ, झाडाबद्दल तू जो मोठेपणा दाखवलास ना, तो सगळेच दाखवत नाहीत. मी फिलिपाला म्हटलंसुद्धा, लेनीशी आपण इतकी वर्षं उगाच शेजार केला नाही."

"मोठेपणा?"

"कीथ आज दुपारी येतोय. जेवण झाल्यावर सुरू करेल. मुद्दामच आजचा दिवस धरला. तुम्हाला करवतीच्या आवाजाचा त्रास नको. परत जाऊ तेव्हा सगळं झाडून-पुसून साफ."

कीथ म्हणजे गावातला झाडं तोडणारा. लेनर्डचे पाय अडतीस अंशांच्या पाण्यात गार पडले.

"मी... कधी दाखवला मोठेपणा?"

"ऑगस्टात, कुंपणापाशी. मी म्हटलं, या झाडाचं काहीतरी करायला हवं. तू म्हणालास, हो, बघू या एकदा."

लेनर्डला आठवलं. म्हणाला होता. शब्द अगदी बरोबर होते. 'बघू या एकदा' म्हणजे माझ्या प्रेतावरून जा, हे इंग्लंडात शेंबड्या पोराला कळतं. लेनर्ड ट्रेव्हरच्या ओल्या, लालबुंद, समाधानी चेहऱ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की यालाही कळतं. याला चांगलं कळतं. हा गेली काही वर्षं लेनर्डची वाक्यं एकेक करून खरी मानत सुटला होता. आधी 'कधीही या', मग 'काही लागलं तर सांगा', मग 'कुठेतरी जायला हवं'. सभ्य माणसाला लुटायची याहून सोपी पद्धत नाही. दरवाजा तो स्वतःच उघडून देतो, शिवाय आत या म्हणतो.

'नाही' हा शब्द लेनर्डच्या घशाशी आला. घशातून जिभेवर आला. एका म्हाताऱ्यानं घोडा हलवला.

"वा," लेनर्ड म्हणाला. "उत्तम."

कुंडातून बाहेर पडल्यावर नदीच्या काठानं चालताना त्यानं गिलियनला मागे थांबवून सगळं सांगितलं. गिलियन "हं" म्हणाली. पुन्हा एकदा "हं" म्हणाली. मग म्हणाली, "केस ओले आहेत तुझे, टोपी घाल." लेनर्डला वाटलं, धक्का बसलाय बिचारीला.

दुपारी किल्ल्यावर जायचं होतं. टेकडीवर एक जुनी छोटी गाडी दोरानं वर ओढत नेतात. टेकडीच्या पायथ्याशी तिची रांग लागली होती आणि पुलाच्या टोकापर्यंत आली होती. लेनर्डला रांग बघून दिवसभरात पहिल्यांदा जरा बरं वाटलं. रांगेत त्याला कळत असे की आपण कोण आहोत, कुठे आहोत आणि आपल्यानंतर कोण आहे. तो शेवटच्या माणसामागे जाऊन उभा राहिला.

"अरे लेनी, तिथे काय करतोयस?" ट्रेव्हर लांबून ओरडला. त्याच्या हातात फोन होता. "आपलं तिकडून आहे. शेजारचं दार. रांग नाही."

रांगेतली डोकी वळली.

"म्हणजे?" लेनर्डनं विचारलं.

"थोडे जास्त मोजले की थेट आत सोडतात. चौघांचं काढलंय. चल!"

"पण ही माणसं आधीपासून उभी आहेत."

"मग उभी राहू दे ना! त्यांनी काढलं नाही, आपण काढलं."

"ट्रेव्हर, हे मध्ये घुसणं झालं."

"घुसणं कसलं? विकत घेतलंय!"

"तेच म्हणतोय मी."

लेनर्डच्या लगेच मागे एक वयस्क जोडपं येऊन उभं राहिलं होतं. दोघांनी सारखीच निळी पावसाळी जाकिटं घातली होती. बोलण्यावरून इंग्लंडातल्याच यॉर्कशरची वाटत होती. बाईनं लेनर्डकडे असं पाहिलं, की युद्धाच्या काळात अशा नजरेसाठी माणसं खंदकातून बाहेर पडत असावीत. लेनर्डच्या पाठीचा कणा, जो कुंडात विरघळून गेला होता, तो परत जागेवर आला.

"तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला. "मी रांगेनं येतो."

"वेडा आहेस का? तास जाईल!"

"जाऊ दे."

"गिलियन, तू तरी सांग तुझ्या मास्तरांना!"

गिलियननं ट्रेव्हरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग सुस्कारा टाकून ती नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. ट्रेव्हरनं दोन्ही हात हवेत फेकले आणि फिलिपाला घेऊन तो बाजूच्या दारातून आत गेला. पुढच्या डब्यात बसून वर जाताना फिलिपानं काचेतून हात हलवला. लेनर्डनंही हलवला. हात हलवायचा असतो.

"असं त्याला सकाळी म्हणायला हवं होतं," गिलियन म्हणाली. "कुंडात."

"आता कीथलाच गाठायला हवं. अजून सुरू केलं नसेल. पण त्याचा नंबर कुठून आणायचा?"

"माझ्याकडे आहे," गिलियन म्हणाली.

रांग एक पाऊल पुढे सरकली. दोघंही सरकली. मग लेनर्ड वळला.

"तुझ्याकडे कीथचा नंबर कशाला?"

गिलियननं पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

"गिलियन?"

"ट्रेव्हरला मी सांगितलं," ती म्हणाली. "म्हणजे फिलिपाला सांगितलं. ऑगस्टातच. म्हटलं, लेनर्डची हरकत नसेल. नंबरही मीच शोधून दिला. झालं? आता इथे तमाशा करू नकोस."

"तू? आपलं झाड?"

"तुझं झाड. माझ्या खिडकीवर. बावीस वर्षं मी भर दुपारी दिवा लावून बटाटे सोलतेय, लेनर्ड. जूनमध्ये! बाहेर लोक उन्हात कातडी सोलून घेतात आणि मी घरात दिवा लावते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले नाही? दर रविवारी बोलत होते. दिवा लावायचा आणि म्हणायचं, 'आज जरा अंधारून आलंय, नाही?'"

"मला वाटलं तू हवेबद्दल बोलतेयस!"

"बावीस वर्षं?"

"आपली हवा तशीच आहे!" लेनर्ड ओरडला. भूगोलाच्या शिक्षकाला हे सिद्ध करून दाखवता आलं असतं.

मागच्या निळ्या जाकिटांनी एकदम नदीत रस घ्यायला सुरुवात केली. पुरुषानं हात करून बायकोला पाण्यातली एक बोट दाखवली. बायकोनं ती फार लक्षपूर्वक पाहिली. दोघांचेही कान मात्र जागेवरच होते.

"सरळ का नाही सांगितलंस?" लेनर्डनं आवाज उतरवला. "लेनर्ड, मला झाड नको, असं? चार शब्द."

"आणि तू काय म्हणाला असतास? 'बघू या एकदा'. हो ना? मी काय ट्रेव्हर आहे, तुझं बोलणं खरं मानायला?"

"म्हणजे तू त्याला माझ्यावर सोडलंस."

"हो, सोडलं," गिलियन म्हणाली. "तो तुझ्याकडून कामं करून घेतो. मला जमत नाही."

 लेनर्डला वाटलं, आपली बाजू मांडली तर तिला पटेल. आजवर कुणाकडे मांडली नव्हती, त्यामुळे ती कोरी करकरीत होती.

"तो बाक आहे ना तिथे, गिल. मला दिवसात तेवढी एकच जागा आहे. तिथे बसलं की मी ट्रेव्हरला दिसत नाही. बाकी काही नको मला. सकाळचा एक चहा, ट्रेव्हरशिवाय."

"ट्रेव्हर बारा वर्षांपूर्वी राहायला आला."

"मग?"

"तू त्याच्या आधीपासून बसतोस."

 समोर गाडीचा रिकामा डबा खाली आला, भरला, वर गेला.

"पुढे सरकलीय हं रांग," मागची निळ्या जाकिटातली बाई अतिशय हळुवारपणे म्हणाली. "घाई नाही. आपलं सांगितलं."

"माफ करा," लेनर्ड आणि गिलियन एका सुरात म्हणाले, आणि पुढे सरकले.

गिलियननं पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि तो वाजायला लागल्यावर लेनर्डच्या हातात दिला. "घे. थांबव त्याला. सांग, झाडाला हात लावू नकोस. एकदा तरी कुणाला काहीतरी स्पष्ट सांग, मी बघते."

"हॅलो, गिलियनबाई!" पलीकडून कीथचा खणखणीत आवाज आला. "शिडी लावलीय. करतो आता सुरू."

"कीथ? मी लेनर्ड. लेनर्ड प्रॉसर. त्रास देतोय, माफ करा. कसे आहात?"

"मजेत, मास्तर. तुम्ही? हवा कशी आहे तिकडे?"

"छान आहे, छान आहे. थोडा वारा. बरं, मी म्हटलं... फार घाई नसेल तर... तुमचा वेळ मोडायचा नाहीये मला..."

गिलियन त्याच्याकडे बघत होती. नदीतली ती बोट कधीच निघून गेली होती, पण निळी जाकिटं अजून तिच्या जागेकडे बघत होती. झाड वाचवावं तर ही बायको, जिच्या दिव्याखाली त्यानं बावीस वर्षं बटाटे खाल्ले होते. पडू द्यावं तर ती काचेची खोली, आणि तिच्यात जन्मभर ट्रेव्हर. 

"म्हणजे कसं, कीथ, की पूर्ण नको. म्हणजे अगदी नकोच असं नाही. पण सगळंच असंही नाही. तुम्हाला कळतंय ना?"

"म्हणजे अर्धं?" कीथ म्हणाला.

त्या शब्दानं लेनर्डचा जीव भांड्यात पडला. "अर्धं! हो. म्हणजे तुमची हरकत नसेल तर."

"माझी कसली हरकत? अर्धं तर अर्धं."

"फार उपकार झाले. आणि ऐका, किल्ली मागच्या दारापाशी कुंडीखाली आहे. चहा करून घ्या. बिस्किटं निळ्या डब्यात."

त्यानं फोन परत दिला. गिलियननं तो पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. त्या चेनचा आवाज जेवढा व्हायला हवा त्याहून मोठा झाला.

"बिस्किटं निळ्या डब्यात," ती म्हणाली.

 डब्यात चढताना मागच्या बाईनं लेनर्डच्या बाहीला हात लावला. "आमच्याकडे अक्रोडाचं होतं," ती कुजबुजली.  तिच्या नवऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्याची मान एखाद्या सैनिकाच्या स्मारकासारखी ताठ होती.

वर ट्रेव्हर आणि फिलिपा कठड्याला टेकून साखरेत घोळवलेली, नळीसारखी पोकळ भाजलेली गोड रोटी फाडून खात होते. गार झाली होती. त्यांनी यांच्यासाठी एक तुकडा ठेवला होता, तो तुकडा बघितल्यावर ठेवला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"काय मास्तर, पोचलात!" ट्रेव्हर म्हणाला. "बघा तुमची डॅन्यूब. पुस्तकातलीच आहे ना?"

लेनर्डनं खाली पाहिलं. तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूनं काढलेली नदी राखाडी होती. "रुंदी बरोबर वाटतेय," तो म्हणाला.

त्या रात्रीच्या जेवणात ट्रेव्हरनं पेला उचलून 'शेजारधर्मासाठी' असं म्हटलं. चौघं प्याले. तिखट लाल रश्श्यात मांस होतं, आणि ते चावत असल्यामुळे कुणाला बोलावं लागलं नाही. फिलिपानं एकदा गिलियनकडे बघून भुवया उंचावल्या. गिलियननं मिठाची डबी उचलली आणि कशावरही मीठ न घालता परत ठेवली. अर्ध्याबद्दल लेनर्डनं ट्रेव्हरला काही सांगितलं नाही. मनातल्या मनात तो मात्र खूश होता. अर्धं म्हणजे थोडं विरळ, वरून खाली एकसारखं. खिडकीला थोडा उजेड, बाकाला थोडी सावली, काचेला थोडं ऊन. सगळ्यांना थोडं थोडं. त्याला वाटलं, मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच.

रविवारी दुपारी ट्रेव्हरच्या गाडीतून उतरून चौघं थेट मागच्या बागेत गेले.

कीथनं शब्द पाळला होता. झाड अर्धं होतं. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत, पट्टी लावून ओढावी तशी कुंपणाच्या रेषेवर उभी चीर होती. त्या रेषेच्या ट्रेव्हरच्या बाजूचं सगळं गेलं होतं. लेनर्डच्या बाजूचं सगळं, पान न् पान, होतं तसं होतं. एका अंगानं बघितलं तर डेरेदार वृक्ष, दुसऱ्या अंगानं बघितलं तर कापलेला पाव. काम ट्रेव्हरनं सांगितलेलं, तेव्हा अर्धं म्हणजे कुठलं अर्धं, हा प्रश्न कीथला पडला नव्हता. आणि कायद्यानं तोडलेल्या फांद्या झाडाच्या मालकाच्या, म्हणून त्यानं त्या सगळ्या, फळांसकट, कुंपणापलीकडे लेनर्डच्या बाकावर नीट रचून ठेवल्या होत्या. चहाचा कप विसळून पालथा घातला होता.

प्रॉसरांच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वीइतकीच काळोखी होती. काचेच्या खोलीत लख्ख ऊन होतं. आणि काचेच्या खोलीतल्या नव्या वेताच्या खुर्चीतून थेट समोर, मध्ये एकही पान नसताना, लेनर्डचा बाक दिसत होता. बाकामागे बुंध्याच्या पांढऱ्या जखमा ओळीनं.



"छान झालंय," फिलिपा म्हणाली.

"फारच छान," गिलियन म्हणाली.

"सुटसुटीत," ट्रेव्हर म्हणाला. त्याच्या गालाची एक शीर उडत होती. "वेगळंच काहीतरी."

"हो," लेनर्ड म्हणाला. "मस्त ट्रिप झाली. पुन्हा एकदा..."

"लेनर्ड!" गिलियन म्हणाली, आणि त्याला दंडाला धरून घरात घेऊन गेली.

सोमवारी सकाळी लेनर्डनं फांद्या उचलून कुंपणाशी टाकल्या, बाक पुसला, चहाचा मग भरला आणि येऊन बसला. दुसरीकडे कुठे बसणार? समोर ट्रेव्हर आंघोळीच्या झग्यात आपल्या वेताच्या खुर्चीवर उन्हात बसला होता, हातात त्याचाही मग. त्यानं लेनर्डला पाहिलं आणि हात वर केला.

लेनर्डचा हात मांडीवरून उठला. एवढ्याशा अंतरावर येऊन थांबला. त्याला गरम पाण्यातलं ते तरंगतं पोट आठवलं. हात परत खाली आला.

ट्रेव्हरला वाटलं, दिसलं नसेल. त्यानं पुन्हा हात हलवला, जरा मोठा. लेनर्डनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि चहाचा एक घोट घेतला. दिसलेलं आहे, एवढं त्यानं डोळ्यांनी व्यवस्थित कळवलं.

ट्रेव्हरचा हात हवेतच अडकला. मग तो हळूहळू कानाकडे गेला आणि कान खाजवू लागला. गल्लीत असं कधी घडलं नव्हतं. कुत्री चावली होती, लग्नं मोडली होती, पण हात वर केल्यावर हात वर न करणं कुणी केलं नव्हतं. लेनर्ड बघतच राहिला. ट्रेव्हरनं पेपर उचलला, ठेवला. काचेच्या टाकीतल्या माशासारखं इकडे तिकडे पाहिलं, पण तिन्ही बाजूंना काच होती. शेवटी तो उठला, वेताची खुर्ची उचलली, आणि उलटी फिरवली. भर उन्हात, बागेसाठी बांधलेल्या खोलीत, बागेकडे पाठ करून तो भिंतीकडे तोंड करून बसला.

लेनर्डच्या अंगातून गोड शिरशिरी गेली. झाडाचा आडोसा नाही, तरी ट्रेव्हर दिसत नव्हता. फक्त टक्कल दिसत होतं, आणि टकलाला गुड मॉर्निंग म्हणता येत नाही.

मागे खटका वाजला. स्वयंपाकघरातला दिवा लागला. मग खिडकी उघडली.

"लेनर्ड," गिलियन म्हणाली. "आता काय गरज आहे उरलेल्याची? आज काढून टाकू."

लेनर्डनं मान न वळवता मगात पाहिलं. घशाशी काहीतरी आलं. घशातून जिभेवर आलं. आणि या खेपेला ते बाहेरही पडलं.

"नाही," तो म्हणाला.

काय शब्द होता! वाटाण्यासारखा गोल, गुळगुळीत. इतक्या वर्षांत त्याला कल्पनाच नव्हती. तो चुकीच्या माणसाला म्हटला गेला, हे त्याच्या लक्षात आलं, पण म्हणून काही त्याची चव कमी झाली नाही. तो शब्द तो तोंडात घोळवत बसला. इतका घोळवत बसला, की मागे खिडकी बंद झाली, दिवा बंद झाला, बागेतल्या खोपटाचं दार करकरलं, हे सगळं ऐकूनही त्याला ऐकू आलं नाही.

मग त्याच्या चहात लाकडाचा भुसा पडला.

त्यानं वर पाहिलं. गिलियन त्याचे गमबूट घालून शिडीवर उभी होती. हातात त्याचीच करवत. पहिली फांदी निम्म्यावर आली होती.

"माफ कर," ती वरून म्हणाली. "तुझ्यावर उडतंय का?"

लेनर्डनं मगावर तळहात झाकला आणि बाकावर थोडा डावीकडे सरकला.

"नाही, नाही," तो म्हणाला. "चालू दे."